ओहोटीला सोडलेली होडी

आश्लेषा वर्तक बाईंना प्रशिक्षणाला पाठवलं, कारण मुख्याध्यापक कमलेश सरांची दाढ दुखत होती. पाचखडीच्या शाळेत शिक्षक दोनच. एकाची दाढ दुखली की उरलेल्याची निवड एकमताने होते.

प्रशिक्षण अलिबागला तीन दिवसांचं होतं. विषय होता मुलांचं भावनिक आणि सामाजिक स्वास्थ्य. बाईंची नोकरी एकोणतीस वर्षांची. त्यांनी मुलांना पाढे, बाराखडी, हात धुणं आणि रांगेत उभं राहणं शिकवलं होतं. भावना हा विषय त्यांच्या वेळापत्रकात कधी आला नव्हता आणि खरं सांगायचं तर घरातही नव्हता. बाईंचं माहेर नागावला, पोफळीच्या वाडीत. त्यांची आई गेली त्या दिवशी पाण्याची पाळी होती. स्मशानातून परत आल्यावर त्यांचे वडील धोतराचा काचा मारून वाडीत उतरले आणि अंधार पडेपर्यंत पाटाला पाणी फिरवत राहिले. घरातलं कुणी काही बोललं नाही. बाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांनी स्वयंपाक केला आणि तो बरा झाला होता, एवढंच त्यांना आठवतं.

तीन दिवसांनी त्या एक पुस्तिका, एक बिल्ला आणि 'मनमोकळा तास' घेऊन परतल्या. हा तास रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं घ्यायचा होता. पुस्तिका चकचकीत होती आणि शहरात बसून लिहिलेली होती. ते तिच्या चौथ्या पानावरच कळायचं. तिथे 'माझ्या मनाचा समुद्र' नावाची कृती होती. मूल आनंदात असेल तर त्याने शांत समुद्र काढायचा, रागात असेल तर खवळलेला.

तिसरी-चौथीची एकोणीस मुलं खाली बसून चित्रं काढायला लागली. त्यातली सतरा कोळीवाड्यातली. प्राचीनं हात वर केला.

"बाई, शांत म्हंजे कसा? वारा पडलेला?"

"हो. अगदी निवांत."

"मंग त्यात मासली न्हाय लागत. बाबा लय चिडतो."

बाईंनी पुस्तिका पाहिली. पुस्तिकेत बाबाचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समुद्र सोडला आणि चेहऱ्यांचा तक्ता लावला. हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला असे चार चेहरे. वर्गात शिरताना प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी एका चेहऱ्याखाली टाचायची.

केसरची चिठ्ठी रोज हसऱ्याखाली असे.

केसर चौथीत होती. तिचा बाप मोरू सप्टेंबरच्या शेवटी बोटीवर गेला होता. आठ खलाशी होते. वादळात बोट उलटली आणि सात जण दुसऱ्या बोटींनी उचलले. मोरू सापडला नाही. हेलिकॉप्टर फिरलं, पंचनामा झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. मग डिसेंबर उजाडला आणि केसर रोज सकाळी तेल लावून घातलेल्या दोन वेण्यांनिशी येऊन हसऱ्या चेहऱ्याखाली चिठ्ठी टाचू लागली. ती बोलत नसे. तिचं पोट दुखत असे. भागुबाई, म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी बाई, तिला ताट वाढायची आणि अर्धं ताट परत घ्यायची.

एकोणतीस वर्षांत बाईंनी एकही मूल असं पाहिलं नव्हतं की ज्याला काही झालं आहे आणि ते काही झालं नसल्यासारखं पाढे म्हणतं आहे. एक पाहिलं होतं. पण ते नागावला, आणि ते अठरा वर्षांचं होतं. बाईंनी पुस्तिकेची पानं उलटली. बत्तिसाव्या पानावर 'निरोपाची होडी' होती. ज्या मुलाने जवळचं माणूस गमावलं आहे त्याने त्या माणसाला पत्र लिहावं, पत्राची होडी करावी आणि वर्गमित्रांच्या सोबतीने वाहत्या पाण्यात सोडावी. खाली सूचना होती: मुलास रडू येऊ शकते, येऊ द्यावे.

बाईंनी केसरला एकीकडे घेऊन विचारलं, "लिहिशील का गं?"

केसरनं होकाराची मान हलवली. बाईंनी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीला ती मान हलवी. हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पत्रात काय होतं ते कुणी वाचलं नाही. वाचू नये असं पुस्तिकेतच होतं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एकोणीस मुलं रांगेनं खाडीवर गेली. केसरच्या हातात वहीच्या दुरेघी पानाची होडी होती. पाण्याशी पोचल्यावर मुलं एकाएकी गप्प झाली. बाईंना वाटलं, प्रसंगाचं गांभीर्य त्यांना कळलं आहे. ते खरंच होतं, फक्त बाईंपेक्षा जास्त कळलं होतं.

"बाई," प्राची हळूच म्हणाली, "ओहोट लागलाय."

"मग बरंच की. नीट पुढे जाईल."

प्राचीनं केसरकडे पाहिलं. केसर खाली वाकली आणि तिनं होडी पाण्यात ठेवली. पाण्याला ओढ होती. होडी तिवरांच्या झाडीच्या कडेकडेने फिरत गेली, वळणावर जरा थबकली आणि दिसेनाशी झाली. केसर रडली नाही. परत येताना तिनं बाईंचा हात धरला आणि बाईंना वाटलं, साधलं. तो त्यांच्या नोकरीतला सर्वांत समाधानाचा अर्धा तास होता. हे पुढे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी शाळेत दोन मुलं आली. दोन्ही रिसॉर्टच्या नेपाळी वॉचमनची.

कमलेश सर व्हरांड्यात उभे राहून रिकाम्या रस्त्याकडे पाहत होते. "लग्न आहे का वाडीत?"

"नाही."

"मग काय संप आहे?"

भागुबाई मागच्या चुलीशी होती. ती वाडीतलीच, पण खिचडी हे तिचं काम आणि कामाला खाडा करणं तिला ठाऊक नव्हतं. बाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. भागुबाईनं बराच वेळ तांदूळ निवडले.

"बाई, तुमी मोरूला सोडला," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"मानूस दर्यात गेला आन गावला न्हाय, की घर वाट बघतं. सा म्हैने बघतं, वरीस बघतं, ज्याची त्याची मर्जी. तवर त्याच्या बायकोनं कुकू लावायचं, संध्याकाली त्याचं ताट वाढायचं. आन घरान कुनी रडाचं न्हाय. डोल्यातला पानी घरान परला का दर्याला कलतं, ही मानसं थकली. मंग तो सोडत न्हाय." तिनं सूप आपटलं. "आन घर थकलं, तर मंग द्रोनान नारल ठेवायचा, त्याच्या सदऱ्याचा तुकडा ठेवायचा आन ओहोटीला सोडायचा. भरतीला न्हाय, भरतीला सोडला तर परत येतो. ओहोटीला. ते झालं का बायकोच्या बांगड्या."

बाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पोरीनं घरी जाऊन सांगितलं," भागुबाई म्हणाली, "का आज शालेन बाबाला सोडला."

कमलेश सरांनी हे सगळं दारातून ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त हजेरी त्यांना मोबाइलवरून रोज वर कळवावी लागे. "तुम्ही एका मुलीला रडवायला गेलात बाई," ते म्हणाले, "आणि ती एकटी सोडून सगळं गाव रुसलं."

संध्याकाळी बाई मोरूच्या घरी गेल्या. मोरूची बायको कमळ दारात आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, कोपरापर्यंत येतील इतक्या. तिनं बाईंना पाणी दिलं. पाणी देणं आणि आत बोलावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिनं पाणी देऊनच दाखवून दिलं. आत केसर खाली बसून सुकट निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मला माहीत नव्हतं गं," बाई म्हणाल्या.

"तुमी शिकलेल्या."

"माझं चुकलं."

"चुकला म्हनू नका. त्याचं नाव पन काढू नका या दारात." कमळचा आवाज अजिबात चढला नाही. "तो यायचा हाय. मी त्याला काय सांगू? तुझ्या लेकीनं तुला सोडला, बाईंनी सांगितलं म्हनून?"

"मी काय करू, तू सांग."

"सोडलीत तशी आना परत," कमळ म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

कुणालाही कळलं असतं की हे दार लावण्याचं बोलणं आहे. पण आश्लेषा बाईंचा स्वभाव गणिताच्या शिक्षिकेचा. उदाहरण दिलं की ते सोडवायचं, सुटणारं नसलं तरी पहिल्या दोन पायऱ्या लिहायच्या. सोमवारीही दोनच मुलं आली. मंगळवारी कमलेश सरांनी दोघांना एकाच वर्गात घेतलं आणि बाईंनी किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी त्यांनी 'घरगुती' लिहिलं, कारण 'कागदी होडी शोधणे' हे रजेचं कारण नियमात बसत नव्हतं.

ओहोटीची वेळ त्यांनी या वेळी भागुबाईला विचारून घेतली. दुपारी पाणी उतरल्यावर त्या साडीचा पदर खोचून खाडीत उतरल्या. होडी तिवरांत अडकली असावी असा त्यांचा हिशेब होता. खाडीचा चिखल लोण्यासारखा असतो. पाय जातो तो सहज जातो आणि निघताना विचार करतो. पहिल्या दहा पावलांत त्यांची चप्पल गेली. तिवरांच्या मुळांत थर्मोकोलचे तुकडे होते, वेफर्सची पाकिटं होती, गुटख्याच्या पुड्या होत्या, एका मुलाचा बूट होता, गणपतीचं प्लॅस्टिकचं मखर होतं. मुंबईने वाहत्या पाण्यात सोडलेलं सगळं इथे नीट येऊन पोचलं होतं. दुरेघी पान मात्र कुठे दिसेना.

पन्नास पावलांवर एक म्हातारी कोयत्याच्या टोकानं चिखल उकरून शिवल्यांचे शिंपले काढत होती. बाईंनी तिला ओळखलं आणि दुसरीकडे वळायचा प्रयत्न केला. पण चिखलात वळणं सोपं नसतं. ती ठमाबाई होती, मोरूची आई.

"काय शोधतंस गो?" ठमाबाईनं वर न पाहता विचारलं.

"होडी."

"कागदाची?"

"हो."

"पाच दिस झालं. कागद भिजतो, म्हाईत हाय ना तुला? मास्तरीन हायस."

"माहीत आहे."

"मंग?"

ठमाबाईनं टोपलीत दोन शिवल्या टाकल्या. "माजा पोर लाकडाच्या बोटीन गेला," ती म्हणाली. "चाळीस फुटी. ती पन न्हाय गावली. तू कागदाची शोधतंस." यात टोमणा होता की नाही ते बाईंना कळलं नाही. बहुधा नव्हता. ती फक्त मापं सांगत होती.

बाई गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. एक पाय निघत नव्हता.

"हलू नको. हललीस तर आनखी जाशील," म्हातारी म्हणाली. ती हळूहळू जवळ आली, फळकुटाचा तुकडा चिखलावर टाकून त्यावर बसली आणि बाईंचा दंड धरून तिनं त्यांना आपल्याकडे कलवलं. दोघी फळकुटावर टेकल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघी मैत्रिणी शिवल्या काढून दमल्या आहेत.

"मला म्हाईत हाय गो," ठमाबाई म्हणाली. "तो न्हाय. मी आई हाय, मला पयल्या रात्रीच कललं. पन कमळला अजून म्हाईत व्हायचं हाय. तिला घाई कराची न्हाय. आमचे घरान तिचं चालतं आता. ती म्हनेल तवर ताट वाढायचं, मी वाढतंय." तिनं कोयता साडीला पुसला. "पन पोरगी. तिचे पोटात गोला हाय. डाक्तर बोलतो काय न्हाय. जेवत न्हाय. घरान रडाचं न्हाय, तर ती न्हाय रडत. लय शहाणी. इतकी शहाणी बरी न्हाय."

"माझ्या घरीही नव्हतो रडलो आम्ही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी यापूर्वी कधीच उच्चारलं नव्हतं. "आई गेली तेव्हा."

"का? तुमचे कोन दर्यात गेला?"

"नाही. असंच."

"असंच?" म्हातारीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही माणसं काही कारण नसताना रडणं टाळतात, याचं तिला मनापासून नवल वाटलेलं दिसलं. मग ती पुन्हा चिखलाकडे वळली.

पाणी चढू लागलं होतं. तिवरांच्या मुळांशी बारीक बुडबुडे यायला लागले.

"आयक," ठमाबाई म्हणाली. "घरान रडाचं न्हाय. शाला घर न्हाय. शालेचं छप्पर सरकारचं. सरकारचे घरान रडली तर दर्याला काय कलतंय? पन डोलं धुवून घरी धाडायची. लाल डोलं कमळला दिसले न्हाय पायजेत. आन कुनाला सांगाचं न्हाय, कागदावर लिवाचं न्हाय."

"पण ती येईल कशी शाळेत? कमळ म्हणाली, होडी…"

"होडी आली."

"कुठे?"

"भरतीबरोबर परत आली. मी बघितली. चार पोरांचे नावाची शपथ घेऊन सांगंन." ती उठली, टोपली डोक्यावर घेतली. "तू बोलू नको काय. तुला जमाचं न्हाय. तुझे तोंडावर दिसतं सगलं."

त्या संध्याकाळी मोरूच्या आईनं वाडीला सांगितलं, की सोडलेली होडी भरतीनं परत आणून दिली आणि तिनं स्वतः चुलीत घातली. जिचा पोर गेला त्या आईनंच सांगितल्यावर पुरावा कोण मागणार? बुधवारी शाळा भरली. सगळी मुलं आली. बाईंनी चेहऱ्यांचा तक्ता काढून कपाटात ठेवला. मनमोकळ्या तासाला त्या मुलांना पंधरा मिनिटं अंगणात खेळायला सोडू लागल्या.

आठ दिवस काही झालं नाही. केसर यायची, पाढे म्हणायची, अर्धं जेवायची. बाईंनी तिला काही विचारलं नाही. काय विचारायचं याची यादी पुस्तिकेत होती, पण पुस्तिका तक्त्याखाली होती.

नवव्या दिवशी दुपारच्या जेवणाला केसरच्या हातून ताट निसटलं. खिचडी फरशीवर पसरली. भागुबाई दुसरं ताट घेऊन वाढायला लागली. केसर सांडलेल्या भाताकडे पाहत राहिली आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला. तो रडण्याचा आहे हे कळायलाही क्षण गेला, कारण तो खूप खालून येत होता. भागुबाईनं तिला उचललं, तांदळाच्या कोठीत नेलं आणि पोत्यावर बसवलं. बाई समोरच्या पोत्यावर बसल्या. पुस्तिकेत होतं की मुलाला आपली भावना शब्दांत सांगायला मदत करावी. बाईंनी मदत केली नाही. त्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं केसर त्यांच्या मांडीवर आडवी झाली आणि तशीच रडत राहिली.

बाहेर प्राची कोठीच्या दारात पाठ लावून उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीतली मुलं आवाज ऐकून जमली तेव्हा ती म्हणाली, "आत उंदीर हाय. मोठ्ठा. बाई मारतायत." मुलं पांगली. दुसऱ्या कुणी सांडलेली खिचडी भरली. तिसऱ्यानं हौदावरून बादली आणली आणि दाराशी ठेवली. घरी जायच्या आधी केसरचे डोळे तीनदा धुतले गेले आणि ते पांढरे झाले की नाही हे तपासायला वर्गातली निम्मी मुलं एकामागून एक तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन गेली. एकोणीस मुलांना ठाऊक असलेली गोष्ट एकाही घरी पोचली नाही. पाचखडीत हे पूर्वी घडलेलं कुणाला आठवत नाही.

महिनाअखेरीस वर पाठवायच्या तक्त्यात एक रकाना होता: भावना व्यक्त केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. बाईंनी तिथे शून्य लिहिलं. कमलेश सरांनी सही करताना विचारलं, "शून्य? एवढं प्रशिक्षण घेऊन?"

"शून्यच," बाई म्हणाल्या. सरांनी सही केली.

त्यानंतरच्या आठवड्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर कमळ आली. मुलं गेली होती. भागुबाई हौदाशी भांडी घासत होती. कमळ व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली.

"केसर जेवते आता," ती म्हणाली.

"हो."

"दोन भाकऱ्या खाल्ल्या काल."

"बरं झालं."

कमळनं बांगड्या वर सारल्या. त्या पुन्हा खाली आल्या. "सासू काय बोलली न्हाय मला. पन मी काय आंधली न्हाय बाई. माजे पोरीचे डोलं मला कलत न्हाय का?"

बाईंनी तोंड हौदाकडे वळवलं. आपल्या तोंडावर सगळं दिसतं हे त्यांना आता माहीत होतं.

"तांदलाची खोली," कमळ म्हणाली, "शाला सुटल्यावर उघडी असते?"

"कुलूप असतं."

"चावी कोनाकडं?"

"माझ्याकडे."

पोषण आहाराच्या कोठीची चावी बाहेरच्या व्यक्तीकडे देऊ नये, असा लेखी नियम आहे. तो त्याच कोठीच्या दारावर चिकटवलेला आहे. बाईंनी पर्स उघडली, चावी काढली आणि कमळच्या हातावर ठेवली. कमळनं कुलूप काढलं, आत गेली आणि दार आतून ओढून घेतलं.

आतून काही वेळ नुसत्या बांगड्या वाजत होत्या. मग त्या थांबल्या आणि दुसरा आवाज सुरू झाला. हौदाशी भागुबाईनं मान वर केली, बाईंकडे पाहिलं, मग घासून उपडं घातलेलं मोठं पातेलं पुन्हा ओढलं आणि ते जोरजोरात घासायला लागली.